बाहेरच्यांना प्रवेश नाही

आत्याला भाऊ नव्हता. बहीणही नव्हती. तरी सगळी गल्ली, समोरचं हॉस्पिटल आणि हॉस्पिटलच्या दारातला फळवाला तिला आत्याच म्हणत. कधीकाळी तिच्या घरी उतरलेल्या कुणाच्या तरी लहान मुलीनं तशी हाक मारली आणि ती चिकटली. आत्या सुरुवातीला डोळे वटारायची, मग तिनं नाद सोडला. लोकांच्या तोंडाला किती म्हणून लागायचं!

तिचं जुनं घर हॉस्पिटलच्या बरोबर समोर. वरच्या खोल्या ती पेशंटच्या नातेवाइकांना द्यायची आणि खालच्या आपल्या स्वयंपाकघरात त्यांना हवं ते रांधू द्यायची. खोल्या काय, त्या रस्त्यावर पुष्कळ होत्या, आरसेवाल्या, पडदेवाल्या. पण परक्या माणसाला गॅसपाशी उभं राहू देणारं घर हे एकच होतं.

त्याला कारण होतं. ऐन तरुणपणी ती आजारी आईला घेऊन याच हॉस्पिटलात आली होती. ज्या लॉजवर उतरली, तिथल्या मॅनेजरनं भांडं घेऊन आलेल्या तिला स्वयंपाकघराच्या दारातूनच हुसकावलं. तिकडे आई कॉटवर पडून म्हणत होती, "तुझ्या हातचे दोन घास दे गं, बाकी काही नको." आत्या कॅन्टीनचं नेत राहिली आणि आई नुसती मान फिरवत राहिली. एक दिवस ती गेली. दुःख हळूहळू निवलं. राग मात्र त्या बंद दारावर बसला तो बसलाच. आत्या गावी परतली नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिनं नोकरी धरली, ढिगांनी चादरी उकळल्या, हाडाची काडं केली आणि हे घर घेतलं.

आणि आता म्हणे आरोग्य परवाना हवा. चार माणसं उतरवणाऱ्या प्रत्येक घराला हवा, नाहीतर महिनाअखेर खोल्यांना टाळं.

तपासणीला आलेल्या निरीक्षकबाई शांत होत्या, कामात चोख होत्या, म्हणजे भांडायचीही सोय नव्हती. त्यांनी पाण्याच्या टाकीत टॉर्च मारला, गाद्या उलटून पाहिल्या, न्हाणीघराची मोरी वाकून बघितली. सगळं लख्ख. मग त्या स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे एक शिक्षिका आपल्या लेकीसाठी भाजी चिरत होती आणि एक शिंपी बायकोसाठी पातेल्यात डाव फिरवत होता.

"हे कोण?"

घरच्या माणसांच्या स्वयंपाकघरात उतारूंना मज्जाव, हा नियम शिक्षिकेला कुठून तरी कळला होता. ती चटकन म्हणाली, "मी आत्यांची भाची."

"आणि मी भाचा," शिंपी म्हणाला.

शिंप्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, दात कवळीचे होते, आणि तो आत्याहून वयानं चांगला मोठा होता. निरीक्षकबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत्याला विचारलं, "तुम्हाला भाऊ किती?"

आली का पंचाईत! इतकी वर्षं सगळ्यांनी आत्या-आत्या केलं, पण आत्या व्हायला आधी भाऊ लागतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"एकही नाही," आत्या म्हणाली.

शिक्षिकेनं मागून तिला चिमटा काढला.

"चिमटे काढू नका हो!" आत्या कडाडली. "खोटं बोलून परवाना घेतला, तर उद्यापासून तुम्ही इथे चोरासारखं रांधायचं? कोणाच्या बापाची चोरी केलीय? बाई, हे दोघे माझे कोणी नाहीत. उतारू आहेत. आणि इथेच रांधणार आहेत."

"मग मला परवाना देता येणार नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या. "या दाराला कडी घाला, यांना आत सोडू नका, आत्ता सही करते. बाकी तुमच्याकडे नाव ठेवायला जागा नाही."

"कडी घालायची असती तर घर कशाला घेतलं असतं?"

हे निरीक्षकबाईंना कसं कळावं? त्या म्हणाल्या, "हे बघा, एक स्वयंपाकघर एकाचंच असतं. घराचं, नाहीतर उतारूंचं. दोघांचं एकत्र चालत नाही."

"अस्सं? मग उतारूंचं लिहा."

"आणि तुम्ही कुठे रांधणार?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही लिहा."

दुसऱ्याच दिवशी आत्यानं जिन्याखालच्या चपला, झाडू, फुटक्या बादल्या बाहेर काढल्या. फरशी बसवून घेतली, नळ ओढून घेतला, छोटी मोरी केली आणि आपलं बिऱ्हाड त्या कोपऱ्यात हलवलं. उठताना जिना टाळक्यात बसायचा आणि दर वेळी ती नियमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "राहू दे ना आत्या," शिक्षिका रडवेली होऊन म्हणाली, "आम्ही बाहेरून डबा आणू." त्यावर आत्या तिच्याशी दिवसभर बोलली नाही.

निरीक्षकबाई पुन्हा आल्या. वाकून त्यांनी जिन्याखालचा संसार पाहिला.

"हा निव्वळ हट्ट आहे तुमचा."

"आहेच. हट्टाला परवाना लागत नाही ना?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि पिशवीतून एक पाटी काढली. उतारूंच्या स्वयंपाकघरावर ती लावायचीच, असा नियम होता: 'बाहेरच्यांना प्रवेश नाही.' शिक्षिकेनं ती लगेच दारावर ठोकली.

त्याच संध्याकाळी आत्याची साखर संपली. सवयीनं ती वाटी घेऊन स्वयंपाकघराकडे गेली.

"आत्या," शिंपी आतून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पाटी वाचा."

आत्यानं पाटी वाचली. उभ्या जन्मात तिनं कोणाचं ऐकलं नव्हतं, पण पाय उंबऱ्यापाशीच थांबले. पुन्हा एकदा ती परक्या स्वयंपाकघराच्या दारात हातात भांडं घेऊन उभी होती. फक्त या वेळी दार सताड उघडं होतं. आत शिक्षिका लेकीचा डबा भरत होती.

"साखर हवी होती," आत्या म्हणाली.

शिंप्यानं वाटी घेतली. साखर राहिली बाजूला, पातेल्यातलं गरमगरम सूप त्यानं वाटीत ओतलं आणि ती दोन्ही हातांनी आत्यापुढे धरली.

"आधी हे घ्या. माझ्या हातचं आहे."

आई गेल्यापासून आत्याला असं कुणी दिलं नव्हतं. तिनं उभ्याउभ्या सगळी वाटी संपवली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि वाटी परत पुढे केली.