हद्दीपलीकडचं मीठ

“आमच्या गाडीने शेजारच्यांच्या रस्त्यावर मीठ का टाकायचं?” स्पीकरफोनमधून मार्गारेटने विचारलं.

ती इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशरमधल्या एका कौन्सिलच्या रस्ते खात्यात होती. आमच्या प्रोग्रॅमची ट्रायल तिच्या हातात होती. ट्रायल नापास झाली असती तर प्रोजेक्ट बंद, आणि त्यासाठी घेतलेली माझी टीम घरी. आमचे डायरेक्टर पटवर्धन सर टेबलापलीकडून मला खुणा करत होते, ‘यस म्हणा, यस म्हणा.’ पुण्यात आयटी तेव्हा नवी होती. गोऱ्या क्लायंटला यस सोडून दुसरं काही म्हणता येतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

“उद्या सांगते,” म्हणून मी फोन ठेवला.

हे मिठाचं प्रकरण आधी सांगते. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरतो आणि गाड्या घसरतात. म्हणून कडाका पडण्याआधीच ट्रक जाडं मीठ टाकत फिरतात. याला ग्रिटिंग म्हणतात. कोणता ट्रक कोणत्या रस्त्याने जाईल, हे आमचा प्रोग्रॅम ठरवायचा. तो लिहिला होता प्रफुल्लने. मुलगा यवतमाळचा, डोकं जबरदस्त. नकाशा अख्ख्या काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा आला होता, म्हणून त्याने अख्खी काउंटी एक धरली आणि कमीत कमी फेऱ्यांत बसणारे रूट काढले. रूट देखणे होते. फक्त ते चालवणारं तिथे कोणी नव्हतं.

“अहो, वर कोणीतरी असेलच की,” सर म्हणाले. “त्यांची परवानगी घ्या म्हणावं.”

“वर कोणी नाही, सर.”

“असं कसं? जिल्हा म्हटला की साहेब आलाच.”

इथेच आपली गफलत होते. काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी खरी. पण वेस्ट यॉर्कशरची काउंटी कौन्सिल ऐंशीच्या दशकातच रद्द झाली. काउंटी नकाशावर राहिली. पोलीस, अग्निशमन अशा थोड्या गोष्टी सामाईक राहिल्या. रस्ते, कचरा, शाळा पाच बरोंकडे गेल्या. बरो म्हणजे जवळपास आपली महापालिका. लीड्स एक, ब्रॅडफर्ड एक, असे पाच जण शेजारी शेजारी आणि प्रत्येक जण आपल्या घरचा राजा. मार्गारेटची कौन्सिल त्यांतल्याच एका बरोची. ट्रक ज्याचे त्याचे, मीठही ज्याचं त्याचं.

मी प्रफुल्लला रूट हद्दीवर तोडायला सांगितले. तासाभराने तो परत आला.

“मॅडम, तोडले. पण गाडी पलटवायची कुठं? तिथं तर नुसता डोंगर आहे ना.”

त्याचं बरोबर होतं. काउंटीची पश्चिम बाजू डोंगराळ आहे, रस्ते अरुंद. हद्द भर माळावर. ट्रक वळवायला जागा थेट पुढच्या गावात, आणि ते गाव शेजारच्या बरोचं. म्हणजे मार्गारेटचा ट्रक तिथवर मीठ न टाकता जाणार, नुसता वळून येणार. दुसऱ्या एका रस्त्यावर त्यांचाही ट्रक हेच करणार. एवढा मूर्खपणा करायला कॉम्प्युटर कशाला हवा?

माझे वडील नारायण पेठेत पेपर टाकायचे. पेपरवाल्याच्या ठरलेल्या घरांना लाइन म्हणतात, आणि दुसऱ्याच्या लाइनीत पाय टाकला की भांडण ठरलेलं. पण एका गल्लीचं टोक वडिलांना अडनिडं पडायचं, आणि शेजारच्या पेपरवाल्याला नदीकडच्या इमारती. दोघांनी चहा पिता पिता अदलाबदल करून टाकली. घरं सारखी, हिशोब संपला. त्यासाठी त्यांना कोणी साहेब लागला नव्हता.

“आपण त्यांचा तुकडा करायचा, त्यांनी आपला,” मी सरांना म्हटलं. “लांबी सारखी.”

“इंग्लंडच्या क्लायंटला तुम्ही पेपरवाल्याची युक्ती सांगणार?”

“पेपर रोज वेळेवर यायचा, सर.”

मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू? राग मात्र आला होता. आपल्या पेठेतलं शहाणपण परदेशात चालणार नाही, हे सरांनी कोणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मार्गारेटला सगळं सांगितलं, पेपरवाल्यासकट. सरांनी डोळे मिटून घेतले.

“लांबी अगदी सारखी हवी,” ती म्हणाली. “नाहीतर आमचे नगरसेवक मला सोलून काढतील.”

“सारखीच आहे. प्रफुल्लने जुळवली आहे.”

“मग शेजाऱ्यांशी मी बोलते.”

शेजारी लगेच तयार झाले. त्यांचाही ट्रक रिकामाच फिरत होता. तो हिवाळा पार पडला, ट्रायल पास झाली. प्रफुल्ल कायम झाला, टीममधलं कोणी घरी गेलं नाही. मला फार आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. अख्ख्या टीमला मस्तानी पाजली. तेव्हापासून कुठल्याही शहराचं काम आलं की मी नकाशा नंतर मागते. आधी विचारते, इथे गाड्या कोणाच्या?

पुढे शेजारच्या बरोनेही प्रोग्रॅम घेतला. सर खूश होऊन माझ्या केबिनमध्ये आले.

“आता पाचही बरो जोडून एकच रूट करून टाकू या का?”

“करू या की, सर,” मी म्हटलं. “तुम्ही तेवढा त्यांच्यावर एक साहेब नेमून या.”