नारळाची दुसरी वाटी

नलूला मी शेवटची भेटले, तेव्हा ती क्रांती चौकाजवळच्या तिच्या फ्लॅटमध्ये उशांना टेकून बसली होती आणि छताकडे बोट दाखवून मला सांगत होती, "कुलकर्णीण, त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. ऐकू येत नाय का तुला? उद्या कुणाला तरी पाठव." आजारानं आवाज बसला होता, पण हुकूम सोडायची सवय शाबूत होती. मग एकदम म्हणाली, "तुझ्या कॉलनीत माझं नाव निघतं का गं कधी?" वेळ मारून नेता आली असती, पण नलूशी खोटं बोलायची मला कधी सवयच नव्हती. मी म्हणाले, "नाही गं. मलाच म्हणतात सगळे, मॅडममुळं पाणी आलं म्हणून." ती हसली. "बरंय की. शिव्या मला, दुवा तुला." त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या भावाचा फोन आला. पंखा दुरुस्त करायला मी कुणाला पाठवलं नव्हतं... ते राहूनच गेलं.

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. ती कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची, मी गुलमंडीजवळच्या कारकुनाची. ती मला कुलकर्णीण म्हणायची आणि माझ्या डब्यातलं मेतकूट न विचारता खायची. पुढं मी शिकवायच्या नोकरीत शिरले आणि खडूची धूळ खात बसले. ती मात्र कारखान्यांमध्ये नव्या मोटरी पहिल्यांदा सुरू करण्याआधी तपासून द्यायचं काम करू लागली. तपासताना ती मोटरशी बोलायची, आणि आजूबाजूला कुणी बोललं तर त्याच्यावर खेकसायची. स्वभावानं गोड होती असं लिहिलं, तर ती वरून माझ्या डोक्यात पाना मारील. हट्टी होती, तोंडाळ होती, आणि आपण बरोबर आहोत हे ठाऊक असलं की तिला मुळीच धीर नसायचा.

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. तेव्हाचं औरंगाबाद बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं. घरं आधी उभी राहत होती आणि पाणी मागून यायचं होतं. आमची कॉलनीही तसलीच. खालच्या अंगाच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, पण ते वर टाकीत चढवायला दमदार मोटर हवी होती. सगळ्यांनी मिळून वाळूजच्या एका बंद कारखान्याच्या गोदामातून एक मोटर आणली. नवी होती, पण कधी फिरलीच नव्हती, नुसती पडून होती. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुम्ही इंजिनियर, तुम्हीच बघा. मी म्हणाले, बघायचंच असेल तर नलूला बोलावते.

ती आली आणि तिनं सबंध दिवस त्या मोटरीपुढं घालवला. आधी पाटीवरचे आकडे आपल्या लाइनशी जुळवले. मग शाफ्ट हातानं फिरवून कान लावला, जुनं ग्रीस काढून नवं भरलं, अर्थिंगची तार ओढून पाहिली. शेवटी मेगर लावला. मोटरच्या आतल्या तारांचं आवरण धड आहे की वीज बाहेर गळतेय, हे तो सांगतो. त्याचं हँडल फिरवता फिरवता तिचा चेहरा खुलला. "पोरगी ठणठणीत हाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मोटर सुरू करायचं ठरलं.

आपल्याकडं नवं यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही, तशी पूजा झाली. हळदीकुंकू झालं, हार घातला, आणि अध्यक्षांनी हौसेनं मोटरच्या लोखंडी पायावरच नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोटरच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी जाळी होती आणि पाणी उडालं ते सरळ त्या जाळीतून आत. अध्यक्षांचं बोट बटनाजवळ गेलं तसा नलूनं त्यांचा हात धरला. "थांबा. परत मोजते." मेगर लावला, तर काटा जवळजवळ तळाला, म्हणजे वीज गळत होती.

"साधं पाणी असतं तर वाळवून भागलं असतं," ती म्हणाली. "हे चिकट असतंय. उघडून पुसावी लागंल. आज चालू केली तर आजच जळंल, अन् दुसरी मोटर हाय का तुमच्याकडं?"

दुसरी नव्हती. त्या उन्हाळ्यात मिळणारही नव्हती. पण पंपघराबाहेर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना हे कोण सांगणार? टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता. देवाच्या नारळाला नावं ठेवते, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, पाणी तोंडाशी आलं अन् ही अवदसा आडवी आली. मागच्या गल्लीतल्या गयाबाई तर हंडा आपटून पुढं आल्या. "नातू तापानं फणफणलाय माझा, अन् तू पाणी अडवतीस? तुझ्या शेवटाला तुझ्या तोंडात पाणी घालाया कुणी राहायचं नाय बघ!" नलूनं लग्न केलं नव्हतं. तिच्या कपाळावरची शीर उडलेली मी पाहिली. ती खाली बसून मोटरचे बोल्ट सोडायला लागली. थोड्या वेळानं माझ्या स्कूटरवर मागं बसून ती शहागंजच्या बाजारात गेली, विजेचे मोठाले दिवे घेतले, मोटर उघडून पुसली, आणि ताडपत्रीखाली दिवे पेटवून तिला शेक दिला. मोटर वाळेपर्यंत ती माझ्याकडं जेवली, पण कॉलनीत कुणाच्या घरचा चहासुद्धा तिनं घेतला नाही. कुणी विचारलाही नव्हता म्हणा...

मग काटा वर चढला, मोटर फिरली, टाकी भरली. नळाला पाणी आलं तेव्हा नलू सामान आवरत होती. जाण्याआधी पंपघराच्या पायरीवर तिनं लाल रंगानं एक गोल काढला आणि अध्यक्षांना बजावलं, "नारळ हितंच. देव बाहेरूनबी ऐकतो." कॉलनीत ती पुन्हा कधी आली नाही. सुरुवातीला मी आग्रह करायचे, मग सोडून दिला.

दुवा मात्र माझ्या वाट्याला आल्या. कॉलनीत राहत होते ती मी, दिसत होते ती मी. दर दसऱ्याला मोटरची पूजा होते, लाल गोलावर नारळ फुटतो, आणि गयाबाई पदराखाली झाकून नारळाच्या दोन्ही वाट्या माझ्या दारात घेऊन येतात. "ही घ्या मॅडम, अन् हीबी घ्या." मी म्हणायचे, अहो, मी काय केलंय? त्या म्हणायच्या, "असू द्या, म्हाईत हाय मला." मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईचा भाबडेपणा. मी दोन्ही वाट्या खवून वड्या करायचे. आमच्या स्टाफरूममध्ये त्या वड्यांचं फार कौतुक होतं.

यंदाचा दसरा नलू गेल्यावर काही आठवड्यांनी आला. गयाबाई आता काठी टेकत चालतात. दारात आल्या, पदर बाजूला केला, तर एकच वाटी. मी आपली सहज, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "यंदा एकच का हो?"

"दुसरी आता कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या. "बाई गेल्या ना तुमच्या. भाजीवाल्याकडं कळलं." मग उंबऱ्यावर बसल्या. "लई वंगाळ बोलले व्हते मी त्यांना. त्यांनी मोटर वाचवली म्हणून माझा नातू जगला. पर कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्याम्होरं? म्हणून तुमच्या हाती वाटी धाडत व्हते. तुमची मैत्रीण, तुम्ही पोचवाल... देत व्हता ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणायच्या?"

"गोड आहे म्हणायची."

गयाबाईंनी डोळे पुसले आणि काठी टेकत निघून गेल्या. मी आत आले आणि वाटी ओट्यावर ठेवली. अजून ती तिथंच आहे. खोबरं कडेनं पिवळं पडत चाललंय. रोज विळी काढते आणि परत ठेवते.