देव्हाऱ्यातला पिवळा दगड
चार वर्षांपूर्वी, चंपाषष्ठीच्या दुपारी, सिंगापुरात टॅम्पिनीसमधल्या आमच्या फ्लॅटच्या देव्हाऱ्यात युरेनियमचं खनिज सापडलं. ते मीच आणलं होतं. कंपनीच्या कामाने वाळवंटात गेलो असताना एका बंद खाणीच्या ढिगाऱ्यावरून मी वालुकाश्माचा तुकडा उचलला होता. त्यावरची पिवळी पूड हळदीसारखी बोटाला लागायची. खाण कसली होती, हे मी विचारलं नव्हतं. आईने तो दगड खंडोबा म्हणून पूजेत ठेवला. भरीत-रोडगा खायला आलेला माझा भूगर्भशास्त्रज्ञ मित्र नमस्काराला वाकला आणि तसाच थांबला. "काकू, हा दगड कुठला?" "अरे, मल्हारी आहे तो. आपोआप भंडारा सुटतो त्याला. नातीला टिळा त्याचाच लावते." "रोज?" सात वर्षांच्या माझ्या मुलीने पिवळं कपाळ पुढे केलं आणि शाळेत शिकलेल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "एव्हरी डे, लाह!" मित्राने ते ओल्या रुमालाने पुसलं आणि मला म्हणाला, "कार्नोटाइट आहे. यात युरेनियम असतं. कुणाच्या पोटात गेलंय का?" आई खुर्चीत बसली. "तिला फक्त कपाळाला लावायचे. चिमूटभर जिभेवर मीच घ्यायचे." त्याच आठवड्यात दोघींची तपासणी झाली. मुलीच्या लघवीत युरेनियम आढळलं नाही. आईच्या आढळलं.