दोन सह्या आणि एक खोडलेला आकडा: बोरीवली–मुलुंड–मालाड

शैला नऊ वर्षं आमच्याकडे भांडी घासते. आम्ही कॅथलिक, ती मालाडच्या एका छोट्या प्रार्थनासभेतली. तिने शनिवारी सकाळी रविवारची सुट्टी मागितली तेव्हा आई मला म्हणाली, "उद्या बारा माणसं जेवायला आहेत. नाही आली तर दुसरी बाई बघ." आईशी वाद घालण्यापेक्षा मुंबई पालथी घालणं मला सोपं वाटलं.

आमच्या चर्चच्या फादरांकडे गेलो तर त्यांनी पत्र तयारच ठेवलं होतं: घरकाम करणाऱ्यांना रविवारी भरपगारी सुट्टी द्या. "आपण एकट्यांनीच वाचलं तर ते कॅथलिकांचं होईल. मुलुंडच्या पाळकांची आणि मालाडच्या पास्टरांची सही आण, उद्याच चर्चमध्ये वाचतो," ते म्हणाले.

बोरीवलीहून मुलुंडला बसने जाणार असाल तर दोन तास धरा. पवईला रस्ता खणलेला आहे. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, कारण मालाडचे पास्टर चारला निघणार होते.

मुलुंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे पाळक पत्राच्या पहिल्याच ओळीतल्या आकड्याला अडले. "तिसरी आज्ञा? विसाव्याची आज्ञा चौथी!"

बायबलमधल्या दहा आज्ञा त्याच, पण आम्ही कॅथलिक त्या वेगळ्या मोजतो. चौथी लिहिलं तर फादर वाचणार नाहीत, तिसरी ठेवलं तर इथे सही नाही.

"आकडाच खोडू का?"

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "खोडा. पण चाकरांनाही विसावा, हे वाक्य हलवायचं नाही." त्यांनी सही केली.

लोकलने घाटकोपरला आलो आणि स्टेशनजवळ उभ्याउभ्या मसाला डोसा खाल्ला. चटणी अप्रतिम, पण अर्धा डोसा तसाच ठेवून पळालो. तिथून मेट्रोने अंधेरी, मग गाडी बदलून मालाड. पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते आणि पास्टर हेल्मेट घालत होते.

त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून वाचला. "छान आहे. आमची शैला बुधवारी येते, पण रविवारच्या प्रार्थनेला कधीच नाही. बोरीवलीत कुणाकडे तरी काम करते. तुमच्या ओळखीचे आहेत का ते?"

"माझंच घर आहे," मी म्हणालो. मला खरंच लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. सही करून निघून गेले.

संध्याकाळी फादरांनी खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"बरं. अर्थ तोच आहे," म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला. जाता जाता मी शैलाला फोन केला, उद्या येऊ नकोस. आईला सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत पत्र वाचलं गेलं. आई समोर बघत बसली होती. दुपारी बारा जणांची भांडी माझ्यापुढे पडली, त्यात विंदालूची करपलेली कढई. अर्ध्या तासाने आई ओट्याशी आली.

"इतकी वर्षं आपण मिस्साला जायचो, तेव्हा शैला कुठं असायची रे?"

"इथंच, आई."

तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ओली ताटं पुसायला लागली.