डोहातून वर आलेला कोरडा माणूस

माझा उजवा दंड डाव्यापेक्षा आजही दोन बोटं जाड आहे. शिंपी दर वेळी माप पुन्हा घेतो आणि मी दर वेळी खूश होतो. तालीम वगैरे काही नाही, हा दंड सिनेमाचं मशीन फिरवून फिरवून झालेला आहे. मुंबईत बोलपट सुरू झाल्यावर मुक्या चित्रपटांना तिथे कुत्रंही विचारेना. मग त्यांची जुनी रिळं आमच्या मालकांसारखी माणसं उचलायची आणि खेडोपाडी फिरवायची. मालक, मी, धापा टाकणारी एक मोटार आणि पत्र्याच्या पेटीत सहा रिळं, एवढाच आमचा संसार. मालक दारावर बसायचे. मी मशीन फिरवायचो आणि फिरवता फिरवता ओरडून गोष्टही सांगायचो. वय बावीस, आवाज पहाडी, आणि खरं बोलायची मला कधीच फारशी हौस नव्हती.

शहापूर आणि मुरबाडला आमचा खेळ भर दुपारी असायचा. हसू नका. डोंगरातून बाजाराला आलेली माणसं उन्हं कलायच्या आत परत वाटेला लागतात, त्यांना रात्रीचा खेळ काय कामाचा? म्हणून बाजाराच्या दिवशी भाताची वखार मागून घ्यायची, खिडक्यांना गोणपाटं ठोकायची, दारं लोटायची आणि माणसं कोंड्याच्या वासात दाटीवाटीनं बसवायची. दिव्याला वीज शेजारच्या गिरणीच्या इंजिनावरून यायची. इंजिनवाला विडी पेटवायला वाकला की आमचा राजा अंधारात बुडायचा आणि लोक इंजिनवाल्याच्या सात पिढ्या बाहेर काढायचे.

आणि चित्रपट काय होता म्हणता! एक राजा झोपतो तो सात दिवस उठतच नाही. बाकी सगळं त्याचं स्वप्न. दरबारात मासे पायांनी चालत येतात. झाडाला फुलांऐवजी हात फुटतात आणि ते हात राजाला मुजरा करतात. राणी आरशापुढे बसलेली राहते आणि आरशातली राणी कंटाळून उठून जाते. यातल्या सगळ्या खुब्या मला पाठ होत्या. एकच फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा काढली की एका राणीच्या दोन होतात. भिंगाच्या कडेला वंगण फासलं की स्वप्नातलं धुकं तयार. कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं, पुन्हा चालू करायचा, की माणूस गायब. पण हे मी कुणाला सांगत नसे. मी सांगायचो, "बायांनो, बाप्यांनो, हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे!"

पाचव्या रिळात माझी सगळ्यात आवडती जागा होती. डोंगरातला एक डोह. पाणी अगदी गप्प. बराच वेळ काही होत नाही. मालकांना ती जागा खटकायची, "काप तो तुकडा, लोक जांभया देतात," म्हणायचे. मी कापू दिला नाही, कारण माझं सगळ्यात फर्मास भाषण त्या गप्प पाण्यावर होतं. "आत काय आहे? सुसर आहे की जलपरी आहे? दम धरा!" आणि मग पाण्यावर लाटा उठायच्या, त्या काठाकडून आत गोळा व्हायच्या, पाणी फुटायचं आणि त्यातून एक काळासावळा, दणकट माणूस हात जोडून सरळ वर उडायचा, तो थेट कड्यावर जाऊन उभा. अंगावर पाण्याचा टिपूस नाही. कोरडा ठणठणीत. वखारीत असा आवाज उठायचा की वरची कबुतरं उडायची.

शहापूरच्या एका बाजारी खेळ संपल्यावर एक म्हातारा मशीनपाशी आला. खांद्यावर घोंगडी, हातात गाठोडं. त्यानं मशीनवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ह्याच्यात हाय तो?"

"कोण, बाबा?"

"माझा पोऱ्या. डोहातनं वर आला ना, तो."

डोळखांबच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. दोन वर्षांपूर्वी तिथल्या डोहावर मुंबईची सिनेमा कंपनी उतरली होती. आठवडाभर पोरानं त्यांच्या पेट्या वाहिल्या. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच त्यांच्यासोबत गेला, बाकी सगळा पाडा होळीची लाकडं आणायला रानात. संध्याकाळी कंपनीच्या माणसानं येऊन सांगितलं, तुमच्या पोराला मुंबईला पाठवलं, नट करणार त्याला. दुसऱ्या दिवशी कंपनीही गेली. तेव्हापासून ना माणूस, ना निरोप. मग बाजारात कुणीतरी म्हातारबाबांना सांगितलं की तुमचा पोऱ्या वखारीत पडद्यावर उडतोय. म्हातारा आदल्या दिवशी निघून, सापगावात पाहुण्यांकडे वस्ती करून आला होता.

"शेट, पान्यातनं आला आन् कोरडा कसा?"

"बाबा, स्वप्नातला माणूस भिजतो होय?"

भोवतीची माणसं हसली. म्हातारा हसला नाही. "बरा हाय ना तो?"

आता खरं तर मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. पण समोर चार माणसं कान टवकारून उभी आणि कुणी विचारतंय, तर मी काय "ठाऊक नाही" म्हणणार? "बरा? अहो, मोटारीतून फिरतो! परवाच भेटला. दोन बैल मावतील एवढी खोली आहे त्याला."

"दोन बैल? खोलीत?"

"बैल नाहीत हो. मावतील म्हटलं."

म्हातारा खुलला. गाठोडं माझ्या हातात दिलं. "त्याला द्या. आन् सांगा, नांगरनीच्या आधी येऊन जा. सून वाट बघते."

गाठोड्यात नाचणीच्या भाकऱ्या, भाजलेली सुकट आणि पळसाच्या पानात बांधलेलं मधाचं पोळं होतं. मी मालकांना वास लागू न देता मोटारीमागे बसून सगळं खाल्लं. असा मध त्यानंतर मला मिळाला नाही.

पुढच्या बाजाराला म्हातारा पुन्हा हजर. मी पोराची खुशाली सांगितली. त्याच्या पुढच्या बाजाराला पोरानं कुत्रं पाळलं होतं. मग त्याला घोड्यावर बसता येऊ लागलं. मग एका चित्रपटात तो राजाचा सेनापती झाला, आणि मी सेनापती कसा चालतो ते वखारीत चालून दाखवलं. म्हातारा पोट धरून हसला. "लहानपनी असाच चालायचा, टाचा आपटून!" दर वेळी नवं गाठोडं, दर वेळी तोच निरोप. मी उत्तर आणायचो, "येतो म्हणाला, हातातलं काम संपू दे." नांगरणी झाली, लावणी झाली, भात कापून झाला. पावसाळ्यात आमची मोटार बंद असायची, तरी पाऊस उघडल्यावर म्हातारा पहिल्याच बाजाराला दारात उभा. "आला नाय तो, शेट."

"बाबा, मोठ्या माणसाला सवड कुठली!"

मग आम्ही मुरबाडला मुक्काम हलवला. म्हातारा तिथेही आला, चालत. त्याला पाहून मला खरोखर आनंद झाला. इतका मन लावून ऐकणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

आमच्या खेळाची एक गंमत होती. शेवटी मी एक रीळ उलटं फिरवून दाखवायचो, फुकट. नेहमी मेजवानीचं रीळ. राक्षस तोंडातून एकेक लाडू काढून ताटात ठेवतो, शेवटी ताट भरतं आणि राक्षस उपाशी उठतो. लोक त्याला "परतीचा" म्हणायचे आणि तो पाहिल्याशिवाय उठत नसत. त्या दिवशी म्हातारा सगळ्यांत पुढे बसला होता. मला वाटलं, आज याला काहीतरी भेट द्यावी. मी पाचवं रीळ उलटं चढवलं आणि आरोळी ठोकली, "आज लाडू नाहीत! आज बाबांचा पोऱ्या मुंबईहून परत घरी!"

टाळ्या पडल्या. मी दांडा फिरवू लागलो.

कड्यावर तो उभा. त्यानं बाजूला पाहिलं, कुणीतरी काही सांगत असावं. मान हलवली. छाती भरून दम घेतला. हात जोडले आणि उभ्यानं उडी मारली. पाणी फुटलं. लोक खदखदून हसले. लाटा काठापर्यंत गेल्या. पाणी थिरावलं.

तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. खुबी मला पाठ होती, कॅमेरा उलटा फिरवून घेतलेला देखावा, म्हणजे खाली पडणारा वर येतो. तो कोरडा का, हेही मला ठाऊक होतं, तो पाण्यात पडायच्या आधीचा होता म्हणून. पण उलटं घेतलेलं मी पुन्हा उलटं फिरवलं की काय होतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. पडद्यावर आता स्वप्न नव्हतं. त्या दुपारी डोहावर जसं घडलं, तसंच आणि त्याच क्रमानं समोर चाललं होतं.

पाणी गप्प होतं. माझ्या फर्मास भाषणाची जागा आली होती. मी बोललो नाही. दांड्याचे फेरे मोजत राहिलो. सेकंदाला दोन फेरे. दीडशेच्या पुढे मी मोजणं सोडलं. कॅमेरावाल्याला असंच पाणी हवं होतं. बुडी मारलेला माणूस लवकर वर आला असता तर देखावा फुकट गेला असता. त्याला सांगितलं असणार, खाली कपारीला धरून थांब, पाणी थिरावेपर्यंत वर येऊ नकोस. आणि मग कॅमेरावालाही दांडा फिरवत राहिला असणार. माझ्यासारखाच. वाट बघत.

म्हातारा उठून उभा राहिला. त्याची सावली पडद्यावरच्या पाण्यावर पडली.

"ए म्हाताऱ्या, खाली बस!"

"मुंडासं तरी काढ, डोह झाकला सगळा!"

तो बसला नाही. मग ओरडणारेही गप्प झाले. दिव्यासमोर फिल्म थांबली की पेट घेते, म्हणून हात थांबवता येत नव्हता, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. दिव्यावर टाकायचं झाकण माझ्या डाव्या हाताशी होतं. पण मलाही बघायचं होतं, तो वर येतो का.

तो तुकडा संपला. पडद्यावर पांढरा उजेड आणि त्यात म्हाताऱ्याची सावली. मी झाकण टाकलं.

माणसं बाजारात पांगल्यावर तो मशीनपाशी आला. गाठोडं काखेत होतं.

"आधी दावायचास ते खोटं, का आज दावलंस ते?"

आता तो मला शेट म्हणत नव्हता, अहो-जाहोही नव्हतं. मी म्हणालो, "आधीचं."

"त्याचा दम मला ठाव हाय. मीच शिकवला डोहात. एवढा नाय त्याचा दम."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

"सून अजून कुंकू लावते. तिला सांगायला पायजे. तू लय चांगलं सांगतोस. तूच येऊन सांग."

मालकांना पोटदुखीचं कारण देऊन मी दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत निघालो. सगळी वाट तो पुढे आणि मी मागे. मी मनात वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य कसं, आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं. खोटं वाटेल, पण वाक्यं चांगली जुळली होती.

सून अंगणात नाचणी पाखडत होती. मला पाहून उठली, पदर सावरला आणि हसली. मुंबईचा माणूस आला म्हणजे निरोप आला.

"कवा येतात?"

म्हातारा ओसरीवर बसून आढ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

"यंदा काम फार आहे," मी म्हणालो. "पण येतो म्हणाला."

ती आत पळाली. आतून डब्यांचे आवाज आले. भाकऱ्या, सुकट, मध. गाठोडं बांधून तिनं माझ्या हातात दिलं. "त्यांना सांगा, कोंबडीनं अंडी घातलीत. येतील तवा पिल्लं मोठी झाली असतील."

म्हातारा मला पाड्याच्या टोकापर्यंत सोडायला आला. शेताच्या बांधावर थांबला, खाली बसला.

"सोड ते."

मी गाठोडं सोडलं. त्यानं भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली.

"खा. आजवर तूच खाल्लंस ना?"

मी खाल्ली. तोही खात होता. भाकरी संपल्यावर म्हणाला, "तुला नाय जमलं."

"बाबा, तुम्हीच सांगा तिला."

"मला जमलं असतं तर तुला कशाला आनला असता, रे?"

त्याला ते कधीच जमलं नाही. मालक पुढे थकले. रिळं त्यांनी फिल्म वितळवून बांगड्या करणाऱ्या कारखान्याला विकली, त्यात आमचा राजा, मासे आणि डोह सगळं वितळलं. लढाईच्या दिवसांत मी मोटारीच्या सुट्या भागांचा धंदा धरला आणि शहापूरला बाजाराच्या दिवशी दुकान लावू लागलो. एका बाजाराला म्हाताऱ्याची सून समोर उभी राहिली. कपाळावर कुंकू, केस पांढरे व्हायला लागलेले. तिनं मला लगेच ओळखलं.

"म्हातारा गेला," ती म्हणाली. "पोटच्या पोरानं अग्नी द्यायचा असतो. चुलत दिरानं दिला. त्यांना सांगा. रागानं नका सांगू, नुसतं सांगा."

"सांगतो."

तिनं गाठोडं पुढे केलं. मी घेतलं.

"आन् ते काय म्हनतात, ते फुडल्या बाजाराला मला सांगा."

पुढच्या बाजाराला ती आली. मी सांगितलं. बाप गेल्याचं ऐकून तो कसा मटकन खाली बसला, कसा रडला, मोटार काढून निघायलाच लागला होता आणि लोकांनी त्याला कसा अडवला. तिनं पदरानं डोळे पुसले. भोवतालच्या दुकानदारांनीही पुसले. मी फार छान सांगितलं.