सासर-माहेरचा हुतूतू

खेळ खेळणारे पुष्कळ असतात, पण खेळ बघावा कसा ते थोड्यांनाच कळतं, आणि त्या थोड्यांत मी आहे. मी स्वतः जन्मात एक शर्यत जिंकलेली नाही. पण बघितल्यात सगळ्या, आणि त्यांच्याबद्दल मला मतं आहेत. बैलगाड्यांची शर्यत घ्या. ओहोटीच्या ओल्या वाळूवर सकाळपासून उन्हात उभं राहायचं, डोकं तापून जातं, आणि गाड्या सुटल्या की इतक्या चटकन समोरून जातात की शेजारणीला "कोन पुढं हाय?" असं विचारेपर्यंत सगळं संपलेलं असतं. होड्यांचं त्याच्या उलट. शिडं लांब गेली की नखाएवढी दिसतात. दोन्ही गावांचे पुरुष कपाळावर आडवा हात धरून एकाच शिडाकडे बघतात आणि दोघेही म्हणतात, "आपलीच पुढं!" कोण जिंकलं ते होड्या परतल्यावर कळतं, तेही भांडण मिटलं तर.

बघायचा खेळ एकच, हुतूतू. कापणी झालेलं भाताचं शेत त्याला पुरतं, सगळं डोळ्यांसमोर घडतं, आणि कुणाचा दम सुटला ते डोळे मिटले तरी ऐकू येतं.

माझं माहेर खाडीपलीकडे, करंजाच्या अंगाला. सासर अलीकडे, रेवसजवळ. मध्ये खाडी आणि तिच्यात भरती-ओहोटी बघून माणसं ने-आण करणारी होडी, म्हणजे तर. दोन्ही गावं शेतीची आणि मिठागराची, दोन्ही हुतूतूपायी वेडी, पण खेळाचे कायदे वेगळे. माहेरी मेलेला गडी उठायचा. म्हणजे बाद होऊन बाहेर बसला, तरी पुढं आपल्या बाजूनं समोरचा एक मारला की हा धोतर झटकत परत आत. सासरी मेला तो मेला. डाव संपेपर्यंत बांधावर बसून शेंगा खायच्या.

तुम्हाला वाटेल, त्यात एवढं काय? पण बघणाऱ्याचा जीव कुठं अडकतो ते त्यावरच ठरतं. माहेरच्या खेळात आशा सुटत नाही. एकच गडी उरला तरी बायका म्हणतात, थांब गो, आता सगळी उठतील. सासरच्या खेळात शेत रिकामं होत जातं, एकेक ओळखीचं माणूस कमी होतं, आणि शेवटी एवढ्या मोठ्या शेतात एकटा उरलेला गडी बघवत नाही. मी दोन्ही तऱ्हा बघत आले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच माघात ती दोन्ही गावं एकमेकांसमोर उभी राहिली. माहेरच्या बाजूनं माझा भाऊ, सासरच्या बाजूनं आमचे हे.

खरा घोटाळा केला माझ्या सासऱ्यांनी. आदल्या वर्षी खाडीपलीकडे जाऊन आमचं सासर हरलं होतं आणि गडी सासऱ्यांनी निवडलेले, म्हणून परतताना तरीत बसलेल्या प्रत्येकानं त्यांना दोन शब्द सुनावले होते. ते त्यांच्या मनात सलत होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "आवंदा हारलो, तं सून शिमग्याला म्हायेरी जानार न्हाय."

लग्नानंतरचा पहिला शिमगा मुलीनं माहेरी करायचा, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्या दिवसापासून मी त्या शिमग्याकडे डोळे लावून बसले होते. सासरी मला कसला छळ नव्हता. पण आईची आठवण आली की मी चुलीत ओली लाकडं घालायची, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळायचं. आणि सासरे बोलले की बोलले. एकदा बैलगाडीच्या शर्यतीवरून शेजाऱ्याशी वाजलं, तेव्हा "याच्याशी जल्मात बोलनार न्हाय" म्हणाले. त्यानंतर शेजाऱ्याशी काही काम निघालं की सासरे गोठ्याशी जाऊन त्याच्या बैलाला सांगत. शेजारीही बैलालाच उत्तर देई. अशा माणसाचा शब्द फिरायची आशा मी कशाला करू?

म्हणजे झालं असं की मला माहेरी जायचं, तर माहेर हरायला हवं. माझा भाऊ बिचारा बहिणीची मान सासरी ताठ राहावी म्हणून जिवाच्या कराराने खेळणार. आणि आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. लग्न ताजं, बायको महिनाभर जाणार म्हणून तोंड आधीच उतरलेलं. बापाचं बोलणं ऐकलं आणि गडी एकदम खुलला, मागून भात घेतला. हा माणूस उद्या मुद्दाम हरणार, हे मी वाढता वाढताच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर आली. माहेरची माणसं वाजतगाजत उतरली. भावानं आईनं दिलेलं गाठोडं माझ्या हातात ठेवलं आणि कानात म्हणाला, "भिऊ नको, तुझ्यासाठी जिकतंय." सासऱ्यांचं बोलणं मी त्याला सांगायच्या आत तो शेतात उतरला होता.

पुरुष एका बांधावर, बायका दुसऱ्या. सासूबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं, त्यामागं माया नव्हती. सामना बघताना त्यांना कुणाचा तरी दंड हातात लागे, आणि नेहमीच्या शेजारणीनं त्या दिवशी शहाणपणानं लांब जागा धरली होती. पहिला डाव माहेरच्या कायद्यानं. गडी मरत होते, उठत होते, पुन्हा मरत होते, कोण जिवंत आणि कोण मेलेला ते त्यांचं त्यांनाही कळेना. शेवटी माहेर जिंकलं. दुसरा सासरच्या कायद्यानं, तो सासरनं घेतला. माझा दंड तोवर काळानिळा झाला होता.

तिसरा कुठल्या कायद्यानं, यावर दोन्हीकडचे म्हातारे हमरीतुमरीवर आले. तो तंटा खाडीनं मिटवला. तरवाला येऊन म्हणाला, पाणी उतरायला लागलंय, तर चिखलात बसली तर पाव्हण्यांना इथंच मुक्काम. एवढ्या पाव्हण्यांना जेवायला घालायचं म्हटल्यावर आमचे म्हातारे घाईला आले, आणि घरी जायचं म्हणून तिकडचेही. लवकर संपणारा कायदा ठरला. मेला तो मेला.

गडी पटापट बाद झाले. सासरचा भरवशाचा खेळाडू पहिल्याच झटक्यात गेला तेव्हा सासूबाईंनी माझा दुसरा दंड घेतला. शेत रिकामं होत होत शेवटी दोघंच उरले. तिकडे माझा भाऊ, इकडे आमचे हे. आत्तापर्यंत हे जगले कसे, तर कुणाच्या वाटेलाच गेले नव्हते, कोपऱ्यात उभे होते.

भाऊ "हुतूतूतू" करत रेघ ओलांडून आला. हे उभे. खांब बरा, असे उभे. हात लावून भाऊ परत रेघेवर गेला की संपलं. आजूबाजूला सगळा बांध ह्यांच्या नावानं ओरडत होता. मला शिमगा दिसत होता, हातातून जाताना दिसत होता. आणि ओरडायचं तर काय ओरडू? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, भावाचं सासरच्या बांधावरून घेता येत नाही.

मी उठून उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "अवो! कंबर धरा!"

आता "अवो" म्हणून हाक आली की लग्न झालेला पुरुष मान वळवतोच. समोरच्या बांधावरची झाडून सगळी माणसं वळली. सासरेही वळले. पण मुख्य म्हणजे बहिणीचा आवाज ओळखून माझा भाऊ वळला. तेवढ्यात आमच्या ह्यांनी, सांगितलेलं काम करायची सवय म्हणून असेल, पुढं होऊन त्याची कंबर धरली. भावाचा दम सुटला. तोंडातून शेवटचं "तू" बाहेर पडलं, ते माझ्याकडे बघून.

जो गोंधळ उडाला, तो विचारू नका. सासऱ्यांनी बांधावर उभं राहून जाहीर केलं, "सून आसावी तं अशी! सासरासाठी सख्ख्या भावाला पाडला!" बायकांनी तोंडाला पदर लावून लावून मला हसून घेतलं. पुढं कित्येक वर्षं मी त्या गावात "कंबर धरा" म्हणूनच ओळखली गेले. रागावले ते दोघंच. आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, "हारत हुतो ना नीट? मंग मधी कशाला बोललीस?" आणि भाऊ माझा निरोपही न घेता तरीत जाऊन बसला.

रीतीप्रमाणे शिमग्याला न्यायला तोच आला. तरीत माझ्याकडे पाठ करून बसला. मला त्याला सगळं सांगायचं होतं, पण तरीत सासरची माणसं होती. म्हटलं, घरी पोचले की आईसमोरच सांगेन, म्हणजे दोघांचाही राग जाईल.

दारात आई उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "तू गेल्यापासनं येक तर चुकवली न्हाय गो. पलीकडून येनाऱ्या परतेकाला इचारायची, माझी पोर कशी हाय? सगळी बोलायची, बरी हाय. बरी हाय तं सगळीच बोलतात. मला न्हाय खरं वाटायचं. मंग ह्यो आला रागानं लाल होऊन, बोलला, नवऱ्यासाठी चारचौघांत वराडली. मी त्याला दहांदा इचारलं, वराडली? लाजली न्हाय? सासूम्होरं? त्या दिसापासनं मी तरीवर जायची बंद झाले."

मागं भाऊ गाठोडं घेऊन उभा होता, अजून फुगलेला. आई हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी तिच्या कुशीत शिरले आणि म्हटलं, "व्हय गो आये, लई बरी हाय मी." तिच्याकडे यायला मिळावं म्हणून ओरडले होते, हे मी तिला ती जाईपर्यंत सांगितलं नाही.