पाय बघून सवलत

श्रावणी सोमवार, बिल प्रत्येकी चार हजार. उदगीरच्या एका दवाखान्याच्या खिडकीपाशी मी, एक कापडाचे व्यापारी आणि एक मजूर बाई. इथला कारकून लाच खात नाही, ओळख मानत नाही. खिडकीतून वाकून पाय बघतो आणि सवलत ठरवतो.

"उत्पन्नाचे दाखले खोटे असत्यात साहेब, पाय न्हाईत."

व्यापारी अनवाणी होते. त्यांना हजाराची सूट मिळाली. बाईच्या पायात नव्या चपला होत्या.

"शेजारणीच्या हायत, दादा! औषधाला काय उरंल मला?"

"पूर्ण भरा, बाई."

मी म्हणालो, "अहो, शेटजींचं श्रावणाचं व्रत आहे."

"असंल. पाय तर अनवाणीच हायत की!"

बाईने दवाखान्यात चार हजार भरले. शेटजींनी तीन हजार भरले आणि वाचलेले हजार महादेवाच्या दानपेटीत टाकले.